अनुभव धागा : पोरगं आत होतं तेव्हा आईनं दिवस कसे काढले?

रंकाळ्याची_नात
काकांची मानधनाची (आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना राज्य सरकार देतं ते) फाइल शोधायला पेटी काढली, तर तळाशी आजीनं जपलेली, काकांनी येरवडा जेलातनं लिहिलेली पत्रं निघाली. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा.

काका तेव्हा कॉलेजात. १९७५ च्या पावसाळ्यात मध्यरात्री कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरातून उचललं. मिसा, आणीबाणीत वापरलेला अटकेचा कायदा. म्हणजे आरोपपत्र नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. चोरी केलेल्याच्या आईलासुद्धा कळतं की पोरगं अमुक महिन्यांनी घरी येणार. आजीला तेवढंही नाही. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगून टाकलं की आणीबाणीत असल्या अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही (पाचांत एकटे न्या. खन्ना विरोधात गेले). गल्लीतल्या वकिलांनी घरी येऊन तिला समजावलं. ती एवढंच म्हणाली, "मग आता कुणाच्या दारात जायचं, ते तरी सांगा."

आजीला वाचता येत नव्हतं. शेजारच्या मामींचा मुलगा पत्र वाचून दाखवायचा, सातवी-आठवीतला असेल. मधल्या ओळी सेन्सॉरनं काळ्या शाईनं फासलेल्या. आजी त्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारायची, "हितं काय लिवलंय?" पोरगं जरा थांबायचं आणि म्हणायचं, "हितं लिवलंय, आई वेळेवर जेवत जा." दर पत्राला. आज ती पत्रं हातात घेतली तर नेमक्या त्या पट्ट्यांवरच कागद झिजलाय.

मानधन २०१८ ला सुरू झालं, मध्ये बंद पडलं, पुन्हा आलं, आता महिन्याहून जास्त काळ आत असलेल्यांना १० चं २० हजार झालंय. मिळायलाच हवं. त्यांच्या माघारी पत्नीला मिळतं, तेही योग्यच. पण पोरं विशी-बाविशीची, बिनलग्नाची होती, त्यांच्यामागं आईच होती ना? तिनं काय सोसलं ते कुठल्याच कागदावर नाही. तुमच्या घरातल्या सांगा. आणीबाणीच पाहिजे असं नाही. बेचाळीस, गोवा, सीमाप्रश्न, काहीही.

कळंबा_नाका
आमचे आजोबा पण मिसात. नाशिकरोड जेल. पणजी एकदाच भेटायला गेली, परत आल्यावर म्हणाली वाळलाय. बाकी काही बोलली नाही म्हणे. सविस्तर रात्री लिहितो, दुकानात गर्दी आहे.

भुदरगडी
बेचाळीसचं सांगतो. आमचे आजोबा भूमिगत, मग पकडले गेले. घरावर पोलीस बसायचे. बसायचे म्हणजे खरंच सोप्यात येऊन बसायचे दिवस दिवस. पणजीनं त्यांना पाणी दिलं, ताक दिलं, पोरगं कुठं आहे ते सांगितलं नाही. जप्तीत भांडी गेली. तांब्या-पितळेचं सगळं. त्यानंतर कितीतरी दिवस ती मातीच्या गाडग्यात आमटी करायची.

१३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर हल्ला झाला त्यात सात जण गेले, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतं. आजोबा पुढं सुटून आले तेव्हा भावकीनं पुरणपोळी करायचं ठरवलं. पणजीनं चूल पेटवू दिली नाही. म्हणाली, "सात आयांची पोरं आली न्हाईत. माझ्या दारात गोडाचा वास नको." आजोबांना भाकरी-पिठलं वाढलं. ते सांगताना आजोबांचा आवाज जायचा.

पेठेतली_वैशू
भुदरगडी, काटा आला अंगावर.

आत्याबाई_६१
रंकाळ्याची नात, तुझी आजी डबा काय न्यायची ग? आमच्या आईच्या दशम्या असायच्या. ज्वारीचं पीठ दुधात भिजवायचं, पाण्याचा थेंब नाही, म्हणजे दोन-तीन दिवस टिकतात. आणि शेंगदाण्याची चटणी. माझा थोरला भाऊ आणीबाणीविरुद्धच्या सत्याग्रहात गेलेला, नोव्हेंबर ७५ मध्ये सुरू झाला तो. डीआयआरखाली (भारत संरक्षण नियम) शिक्षा झाली. आधी बिंदू चौकातल्या सबजेलला होता. आई रोज अंबाबाईला जायची आणि येताना मुद्दाम बिंदू चौकावरून यायची. वाट वाकडी. भिंत बघून यायची नुसती. बोलायची मात्र भाजी स्वस्त मिळते तिकडं.

रंकाळ्याची_नात
@आत्याबाई चटणीच! आणि बेसनलाडू. गेटवर शिपाई प्रत्येक लाडवात तार खुपसून बघायचा, निम्म्यांचा चुरा व्हायचा. मग आजीनं लाडू बंद केले आणि पीठ भाजून, साखर घालून पुडीच न्यायला लागली. "घ्या, आता काय फोडताय."

अभ्या_शाहूपुरी
आजी नाद खुळा 🙏

वर्दीवाल्याची_लेक
लिहू का नको विचार करत होते. माझे वडील तुरुंगात शिपाई होते. कुठल्या ते लिहीत नाही. तार खुपसणारा हात आमच्या घरातला असू शकतो.

भेटीच्या दिवशी बायका पहाटेपासून फाटकाबाहेर यायच्या. लांबून, एसटीनं. भेट दहा-पंधरा मिनिटांची, मध्ये जाळी, शेजारी सीआयडीचा माणूस कान देऊन. काहीजणींना दिवसभर बसवून परत पाठवायचे. माझी आई पोलीस लाईनीतनं चहाची किटली घेऊन जायची. वडिलांना ते चालायचं नाही, नोकरीची भीती. आई म्हणायची, मी कुणाला भेटवत नाही, चहा देते. एकदा एका म्हातारीनं चहा घेतला नाही. "तुज्या नवऱ्यानं माज्या पोराला कोंडलंय, तुजा च्या कशाला पिऊ." आई घरी येऊन रडली, पण पुढच्या खेपेला परत गेली. त्या म्हातारीचा राग खराच होता, असं आई शेवटपर्यंत म्हणायची.

आत्याबाई_६१
बाळा, बरं केलंस लिहिलंस. तुझ्या आईला माझा नमस्कार.

निपाणीची_सून
आमच्याकडं ८६. बेळगावात कानडी सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा कोल्हापुरातनं तुकड्या जायच्या, माझा धाकटा भाऊ कागलहून गेला. पकडला, हिंडलगा जेलात. मी दूधगंगेच्या पलीकडं निपाणीत नांदायला, आई अलीकडं. भेटीला जायचं तर आईला माझ्याकडं मुक्काम करून जायला लागायचं. सासरे म्हणायचे येऊ देत, पण बाहेर पोलिसांच्या गाड्या, बाजार बंद. आई भावाचा स्वेटर विणत बसायची माझ्या स्वयंपाकघरात. जूनमधे स्वेटर! विचारलं तर म्हणाली हात रिकामा राहिला की वंगाळ मनात येतं. दर खेपेला उसवायची आणि परत विणायची.
सुटला तो लवकर. पण अजून १ नोव्हेंबर (सीमाभागातला काळा दिवस) जवळ आला की आई (८८) त्याला फोन करून विचारते, कुठं हाईस? घरीच हाईस न्हवं?

अभ्या_शाहूपुरी
८६ लाच भुजबळ वेष बदलून बेळगावात गेले होते ना?

कळंबा_नाका
हो. पण तो विषय इथं नको भावा, आयांचं चाललंय.

गगनबावडा_एक्सप्रेस
गोवामुक्तीचा सत्याग्रह, १९५५. आजीचा भाऊ. आग्वादच्या किल्ल्यात. त्यांच्या आईनं पायात चप्पल घालणार नाही म्हणून नवस बोलला जोतिबाला. उन्हात, चिखलात, लग्नाकार्यात अनवाणी. १९५७ ला सत्याग्रही सुटले तेव्हा तेही आले. चैत्र यात्रेला डोंगर चढून नवस फेडला, तरी चप्पल घालवेना, टाचा इतक्या फुटलेल्या. त्या शेवटपर्यंत विचारायच्या, आपल्या सांगलीकडचा तो मास्तर सुटला का? मोहन रानडे. गोवा १९६१ ला मोकळा झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच, १९६९ ला सुटले. आपलं पोर घरी आल्यावर दुसऱ्याच्या पोराची एवढी वर्षं चौकशी करत राहायची ती बाई.

सही
सगळ्यांच्या आया धीराच्या होत्या असं वाटायला लागलंय, म्हणून लिहिते.

माझ्या आजीनं वडिलांना सांगितलं, सही कर आणि घरी ये. वीस कलमी कार्यक्रमाला पाठिंबा आहे असं लिहून दिलं की काहीजणांना सोडत होते. घरात आजोबा अंथरुणाला खिळलेले, दोन आत्या लग्नाच्या, मिळवतं कुणी नाही. वडिलांना भेटीत ती म्हणाली, "तुजा देश हाय, माजं घर हाय." त्यांनी सही केली. आजोबा त्यानंतर थोडेच दिवस होते, पण मुलाच्या मांडीवर गेले.

त्यानंतर आयुष्यभर आमच्या घराला ऐकून घ्यावं लागलं. वडिलांना कार्यक्रमांना बोलावणं नाही. ज्या बायका आजीबरोबर एसटीनं भेटीला जायच्या, त्यांतल्या काहींनी हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं. आजीनं कधी पश्चात्ताप दाखवला नाही. फक्त २५ जून आला की देवघराचं दार लावून बसायची. वडील तिला एकदाही काही बोलले नाहीत, आणि ती गेली तेव्हा तिच्या उशाखाली त्यांचं आतून आलेलं शेवटचं पत्र होतं. मला अजूनही वाटतं की तिनं बरोबर केलं.

रंकाळ्याची_नात
तिनं बरोबरच केलं. ज्यांनी आईला असं निवडायला लावलं, जाब त्यांना विचारायचा. तुमच्या आजीचं लिहिलंत हे फार मोठं काम झालं, मनापासून सांगते.

वर्दीवाल्याची_लेक
अगदी.

पेठेतली_वैशू
माझ्या सासूबाई म्हणतात त्यांच्या गल्लीत एका घरातले दोघं भाऊ आत होते. दोन वेगळे पक्ष, एक समाजवादी, एक संघाचा. बाहेर एकमेकांशी बोलायचे नाहीत, आत गेल्यावर एकाच बराकीत. त्यांची आई म्हणायची, सरकारनं एवढं एक बरं केलं, दोघांना एका ताटाला बसवलं. मुलाला क्लासवरनं आणायचंय, आल्यावर अजून विचारते त्यांना.

कळंबा_नाका
दुकान बंद केलं. आईला विचारलं पणजीचं. नाशिकरोडहून आल्यापासून तिनं दुधाचा चहा सोडला. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. जानेवारी ७७ ला निवडणूक जाहीर झाली आणि सुटका सुरू झाली. आजोबा आले त्या संध्याकाळी पणजीनं कपभर दूध मागितलं.

भुदरगडी
रंकाळ्याची नात, ती पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट धरतं, शाई पसरते. सुती कापडात ठेवा. आणि झेरॉक्स काढून एक संच करवीर नगर वाचन मंदिरात द्याल का? १८५० ची संस्था, कागद जपणारी माणसं आहेत.

रंकाळ्याची_नात
काका हो म्हणालेत, पण झेरॉक्स नको, झोत पडतो म्हणून फोटो काढू या म्हणतात. मामींचा मुलगा पुण्यात असतो, त्याचाही नंबर मिळाला. त्या पट्ट्यांखाली खरं काय होतं ते काकांना अजून आठवतंय, तेही लिहून घ्यायचंय.

गगनबावडा_एक्सप्रेस
फोटोला मी येतो, कॅमेरा आहे. रविवारी दुपारनंतर चालेल? सकाळी गुऱ्हाळावर असतो.

आत्याबाई_६१
मी पण येते. भावाचा फोटो आहे सुटून आल्या दिवशीचा, आई शेजारी उभी. तोही काढून घ्या. दशम्या आणते.