सुतारकामाचे मोजमाप करारात कसे लिहून घ्यावे? मदत हवी आहे

ओट्याखालची कपाटे करून घेण्यासाठी तीन सुतारांकडून अंदाजपत्रके मागवली. आराखडा आणि १८ मिमी मरीन प्लायचा (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचा) तपशील तिघांनाही लेखी दिला होता. तरीही एकाने केवळ दर्शनी भागाच्या चौरस फुटांवर, दुसऱ्याने आतले कप्पे व बाजूही धरून आणि तिसऱ्याने सामानासह ठोक रक्कम सांगितल्यामुळे तुलनाच करता येत नाही. दोघांची आधीची कामे पाहिली. एका ठिकाणी खणांच्या आतल्या कडांना पट्टी न लावल्यामुळे प्लाय फुगू लागला होता, हे फार खटकले. प्लाय मी स्वतः आणून देऊ शकतो, पण दिवसभर देखरेखीला थांबणे शक्य नाही. अशा स्थितीत मजुरीचे मोजमाप, बिजागऱ्यांचा खर्च आणि शेवटच्या हप्त्याची अट करारात नेमकी कशी लिहून घ्यावी?