घरी बिअर: ५५०० वॉटच्या एलिमेंटला कुठला प्लग-सॉकेट घ्यावा?

जर्सी_ब्रू
नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत असतो, घर स्वतःचं आहे. आत्तापर्यंत ड्राइव्हवेत प्रोपेनवर ५ गॅलनच्या बॅच काढायचो पण थंडीत तिथे उभं राहवत नाही म्हणून बेसमेंटमध्ये इलेक्ट्रिकवर जायचं ठरवलंय. २४० व्होल्ट ५५०० वॉटचं एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल), एक कंट्रोल पॅनल आणि एक पंप, पंप १२० व्होल्टचा. हार्डवेअरच्या दुकानात गेलो तर एल ६-३०, एल १४-३०, १४-३०, १०-३०, १४-५०, सगळ्यांच्या पिना वेगळ्या, डोकं चालेना. ड्रायरमागे जुनं तीन पिनांचं सॉकेट आहे (१०-३०), त्यालाच अ‍ॅडाप्टर लावून चार पिनांचं केलं तर चालेल का? पैसे थोडे जास्त गेले तरी हरकत नाही, एकदाच काय ते नीट करायचंय.

तांब्याची_तार
अ‍ॅडाप्टरचा विचार आत्ताच सोडा, कळकळीने सांगतोय. १०-३० मध्ये दोन हॉट (म्हणजे जिवंत तारा) आणि एक न्यूट्रल एवढंच असतं, अर्थिंगची वेगळी तार नसतेच. मग अ‍ॅडाप्टरची चौथी पिन एकतर कुठेच जोडलेली नसते नाहीतर आत न्यूट्रललाच बांधलेली असते, आणि ती न्यूट्रल मागे कुठे सैल झाली की तुमच्या स्टीलच्या केटलच्या (बिअर उकळायच्या भांड्याच्या) अंगावर करंट येऊ शकतो आणि तुम्ही ओल्या हाताने झाकण उचलणार. १९९६ पासून तिथल्या इलेक्ट्रिकल कोडने नव्या ड्रायर सर्किटला चार तारा सक्तीच्या केल्या त्या याचसाठी.

आता निवड कशी करायची. प्लगचा आकार बघण्याआधी तारा मोजा. नुसतं एलिमेंट असेल तर दोन हॉट आणि अर्थ पुरतात, तो एल ६-३०. पण तुमचा पंप १२० व्होल्टचा आहे म्हणजे पॅनलमध्ये न्यूट्रल आलीच पाहिजे, म्हणून भिंतीपासून पॅनलपर्यंत चार तारांचा एल १४-३० घ्या आणि पॅनलपासून एलिमेंटपर्यंत एल ६-३०. पंपाला साधं घरगुती ५-१५ सॉकेट. तिन्ही आकार वेगळे असल्यामुळे घाईत कुणी पंप चुकून २४० ला लावूच शकणार नाही, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. एल म्हणजे फिरवून लॉक होणारा, पाय अडकला तरी सुटत नाही.

५५०० भागिले २४० म्हणजे जवळपास २३ अँपिअर. सलग चालणाऱ्या लोडला ३० च्या ब्रेकरवर ८० टक्के म्हणजे २४ धरायचे, बसतंय. तार तांब्याची १० गेज. एक गोष्ट दुकानात हमखास घोळ करते: भिंतीतली केबल १०/३ विथ ग्राउंड म्हणून मिळते, तिच्यात तारा चार, पण बाहेरची रबरी एसओओडब्ल्यू कॉर्ड १०/४ मागावी लागते कारण तिथे हिरवी तारही मोजतात. पॅनलपासून एलिमेंटला १०/३ कॉर्ड पुरेल.

मॉल्टवाली
छान लिहिलंय. माझी भर एवढीच, की जिकडून करंट येतो तिकडे कायम भोकांची बाजू आणि जिकडे जातो तिकडे पिना. म्हणजे भिंतीत सॉकेट, कॉर्डच्या पॅनलकडच्या टोकाला भोकांचा कनेक्टर, पॅनलवर पिनांचा इनलेट. दोन्ही टोकांना पिना असलेली कॉर्ड कुणी बनवून देतो म्हणाला तर घेऊ नका, एक टोक भिंतीत असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या आणि जिवंत असतात. आणि जीएफसीआय, म्हणजे करंट गळायला लागला की सर्किट तोडणारा ब्रेकर, तो हवाच. चार ते सहा मिलीअँपिअर गळती झाली की ट्रिप होतो. ३० चा दोन पोलचा जीएफसीआय ब्रेकर महाग वाटला तर स्पा पॅनल बघा, हॉट टबसाठी विकतात तो ५० अँपिअरचा, बऱ्याचदा स्वस्त पडतो. पण मेन पॅनलमधला ब्रेकर ३० चाच ठेवायचा, १० गेजच्या तारेला तोच वाचवतो. स्पा ब्रेकरची पांढरी गुंडाळीची तार न्यूट्रल बारला जोडायची राहिली तर जीएफसीआय काम करत नाही.

यॉर्कशायरकर
इकडे इंग्लंडमध्ये हा पसाराच नाही, २४०० वॉटची दोन एलिमेंट दोन वेगळ्या १३ अँपिअर प्लगांवर लावतात, एकेक साडेदहा अँपिअर घेतं. तुमच्याकडे १२० व्होल्ट असल्यामुळे सगळी कसरत. साध्या सॉकेटवरच्या १५०० वॉटवर नाही का भागणार?

तांब्याची_तार
भागतं पण वेळ बघा. सात गॅलन पाणी ६५ अंश सेल्सिअसवरून उकळीला आणायला १५०० वॉटला पाऊण तासाच्या आसपास, ५५०० ला बारा-तेरा मिनिटं, उष्णतेची गळती धरून थोडं जास्त. उकळीसुद्धा जोरदार राहत नाही. आणि पुढे दोन एलिमेंट एकदम चालवायची असतील तर ३० अँपिअरवर जमणार नाही, दोघं मिळून ४६ होतात.

वेस्टकोस्ट_बाल्कनी
अपार्टमेंटवाल्यांसाठी: बऱ्याच मोठ्या इमारतींत २४० नसून २०८ व्होल्ट येतं, तेच एलिमेंट तिथे साधारण ४१०० वॉटच देतं. प्लग तेच चालतात, पण आधी मीटरने मोजून घ्या.

जर्सी_ब्रू
सगळ्यांचे मनापासून आभार. परमिट काढून लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून नवीन ३० चं सर्किट, स्पा पॅनल, भिंतीत एल १४-३०, बाकी वर सांगितल्याप्रमाणे. सॉकेट केटलच्या शेजारीच घेऊ का, कॉर्ड छोटी राहील?

तांब्याची_तार
शेजारी नको, बाजूला दोन-तीन फूट तरी सरकवा. वाफ आणि उतू गेलेला वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) थेट सॉकेटवर येता कामा नये. एलिमेंटची कॉर्ड केटलपासून खाली लोंबकळून मग वर पॅनलकडे जाऊ द्या म्हणजे पाणी खालच्या वळणावरून गळून जातं. प्लग स्वस्तातले बिनमार्काचे नकोत, लेव्हिटन किंवा हबेलचे घ्या, आतले स्क्रू पॅकेटवर लिहिलेल्या टॉर्कने आवळा, प्लग वितळतात ते बहुतेक वेळा सैल स्क्रूमुळे. सुरू करण्याआधी एलिमेंटच्या दोन टोकांत ओहम मोजा, साडेदहाच्या आसपास आले पाहिजेत. पहिल्या दिवशी नुसतं पाणी अर्धा तास उकळवा, एलिमेंट बंद करून प्लग हाताला लावून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर ब्रेकर पाडा आणि प्लग उघडून परत आवळा.