मदत हवी आहे: चिऱ्यांच्या घरात क्लाइंबिंगची भिंत कशी उभारावी?

नमस्कार. फोंडा तालुक्यात आमचं जुनं चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं) घर आहे, वर मंगळुरी कौलं. मुलगी ११ वर्षांची. पॅरिस ऑलिंपिकमधलं क्लाइंबिंग पाहिल्यापासून ती अंगणाच्या गडग्यावर (कुंपणाच्या दगडी भिंतीवर) असते, चिऱ्यांच्या सांध्यांत बोटं रुतवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी जाते. पावसात गडग्याला शेवाळ धरतं. जुलैत घसरली, कोपर सोललं. तिला थांबवायचं माझ्या मनात नाही. घरातच धड भिंत करून द्यायची आहे, चवथ झाली की काम सुरू.

हॉलमध्ये चवथीला माटोळी (गणपतीच्या वर फळाफुलांची टांगती आरास) बांधतो, तिथे काही उभं करता येणार नाही. मागची भात ठेवायची खोली आता रिकामीच असते. १४ फूट लांब, १० फूट रुंद, भिंतीपाशी उंची ९ फूट. ८ बाय ४ च्या दोन प्लायशीट शेजारी शेजारी, १८ मिमी जाडीच्या, खाली एक फुटाची सरळ पट्टी, असा विचार आहे. २० अंश पुढे झुकवली तर वरचं टोक साडेआठ फुटांवर आणि भिंतीपासून पावणेतीन फूट पुढे येतं. ४० अंश केली तर पाच फूट पुढे येते, मग पडायला जागाच राहत नाही. म्हणून २०.

अडचण चिऱ्यांची. सुतार म्हणतो अँकर बोल्ट मारून लाकडी फ्रेम थेट भिंतीला लावू. पण शेल्फसाठी भोक पाडलं तेव्हा चिरा आतून भुसभुशीत निघाला आणि बोल्ट हलायला लागला. माझी मुलगी त्यावर लोंबकळणार आहे, त्यामुळे धीर होत नाही. दुसरी भीती ओलाव्याची. स्वयंपाकघरात एकाने साधं प्लाय घालून दिलं होतं, दुसऱ्या पावसाळ्यात फुगून त्याचे थर सुटले. कोणी गोव्यात किंवा कोकणात हे केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद:
चिऱ्यावर अजिबात विसंबू नका. एक्स्पान्शन बोल्ट फुलून बाजूला दाब देतो आणि सच्छिद्र चिरा तिथेच फुटतो. लोखंडी बॉक्स पाइपची स्वतंत्र फ्रेम करा, सगळा भार जमिनीवर जाऊ दे. भिंत आणि प्लायमध्ये हात शिरेल एवढी जागा ठेवा, कारण टी-नट (होल्डचा, म्हणजे हातापायाने धरायच्या खुंटीचा, बोल्ट ज्यात बसतो तो प्लायमागचा नट) कधी ना कधी जागेवर फिरायला लागतो आणि मागून धरता आला नाही तर होल्ड निघत नाही. शक्यतो स्क्रूने बसणारे टी-नट घ्या. एम-१० चे, दर २० सेंटिमीटरला एक. एका शीटला साठ-सत्तर लागतात. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं मरीनच घ्या. भोकं पाडून झाली की कडा आणि भोकांच्या आतूनही रंग द्या, पाणी तिथूनच शिरतं. बोल्टांना ग्रीस लावा, नाहीतर आपल्या दमट हवेत गंजून नटात अडकतात.

गाद्यांवर पैसे वाचवू नका. दोन गाद्या नुसत्या जोडून ठेवल्या तर मधल्या फटीत पाय मुरगळतो. वर कडक फोम, खाली मऊ, आणि सगळ्यावर एकच अखंड खोळ. आणखी एक, मुलीला बोटांच्या जोरावर लटकायचे व्यायाम आत्ता देऊ नका. वाढत्या वयात बोटांच्या हाडांची वाढीची टोकं दुखावतात. मोठे, गोल होल्ड भरपूर लावा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. बोटांचं मला माहीतच नव्हतं, आजच तिला सांगतो. फ्रेम लोखंडीच करतो. आता एवढंच सांगा: खोलीला जुना लाल कोबा आहे. फ्रेमच्या पायांखाली रुंद लोखंडी पाट्या ठेवल्या तर चालेल, की कोबा फोडून काँक्रीट भरावं लागेल?