मदत हवी आहे : या आठवड्यात स्लॅब टाकावा की उष्णतेची लाट ओसरेपर्यंत थांबावे?

वीटमाती (रविवार, रात्री 9.40)
नमस्कार. आमच्या घराच्या स्लॅबचे सेंट्रिंग (खालचा आधाराचा साचा) पूर्ण झाले आहे, सळई बांधून तयार आहे आणि ठेकेदार बुधवारी सकाळी दहा वाजता काम धरू म्हणत आहे. माझ्या फोनवर बुधवारचे तापमान 47 दिसत आहे, तर घरच्यांच्या फोनवर 44. सेंट्रिंगचे भाडे रोज चढत आहे, त्यामुळे फार थांबणे परवडणारे नाही. मला एवढेच सांगा की या आठवड्यात त्यातल्या त्यात बरा दिवस कोणता. उद्या सकाळी ठेकेदाराला उत्तर द्यायचे आहे, म्हणून कृपया लवकर लिहावे.

आभाळवाचक (रविवार, रात्री 9.58)
गाव कोणते ते लिहिलेले नाही. जळगाव, अकोला आणि चंद्रपूर या तिन्ही ठिकाणी सध्या ऊन कडक असले तरी येत्या आठवड्याचा अंदाज तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. निदान जिल्हा तरी कळवा.

पनवेलकर (रविवार, रात्री 10.15)
आम्ही पनवेलला मागच्या मे महिन्यात ऐन दुपारी स्लॅब टाकला. तापमान 36 होते, अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी स्लॅबला एकही भेग गेली नाही. पाणी भरपूर मारले की काही होत नाही. उगाच घाबरून भाडे वाढवून घेऊ नका.

निवृत्त_अभियंता (रविवार, रात्री 10.32)
पनवेलकर, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो इथे लागू पडत नाही. कोकणात हवेत ओलावा असतो, त्यामुळे ताज्या काँक्रीटच्या पृष्ठभागावरचे पाणी सावकाश उडते. कोरड्या हवेत 44 अंशांना जोराचा वारा असेल तर पृष्ठभाग आतल्या मालाच्या आधी सुकतो, आकसतो आणि माल घट्ट होण्यापूर्वीच भेगा पडतात. तासाला एका चौरस मीटरमधून एक किलोच्या आसपास पाणी उडू लागले की भेगांचा धोका धरावा, असा साधारण दंडक आहे. म्हणून नुसता तापमानाचा आकडा पुरेसा नाही. आर्द्रता आणि वारा यांचाही अंदाज पाहावा लागतो.

प्रश्नकर्त्याने पुढील गोष्टी कळवाव्यात : स्लॅब किती चौरस फुटांचा आहे, सिमेंट कोणते आहे, माल तयार येणार की जागेवर कालवणार, आणि पाणी कुठे साठवले आहे?

शुभ्रछत (रविवार, रात्री 11.05)
स्लॅब झाल्यावर वरून पांढरा उष्णतारोधक रंग किंवा निदान चुना अवश्य द्यावा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत त्याने चांगलाच फरक पडला. रंग पावसाळ्यानंतर दिला तर जास्त टिकतो.

वीटमाती (सोमवार, सकाळी 6.20)
गाव वरोरा, जिल्हा चंद्रपूर. 47 म्हटल्यावर लक्षात येईल असे वाटले होते. शुभ्रछत, रंगाचे नंतर पाहू, आधी स्लॅब तर पडू द्या.

निवृत्त_अभियंता यांच्या प्रश्नांची उत्तरे : साधारण 1100 चौरस फूट, जाडी पाच इंच. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेले). माल जागेवरच, एक मिक्सर आणि लिफ्ट. पाणी शेजारच्या घराच्या गच्चीवरील काळ्या टाकीतून घेणार आहोत. बुधवार की गुरुवार, एवढे सांगा.

आभाळवाचक (सोमवार, सकाळी 7.10)
आता नीट सांगता येईल. हवामान विभागाच्या नागपूर केंद्राच्या आजच्या पत्रकानुसार चंद्रपूर जिल्ह्याला बुधवारपर्यंत उष्णतेच्या लाटेचा नारिंगी इशारा आहे, गुरुवारी पिवळा. शुक्रवारी आणि शनिवारी मेघगर्जनेसह सोसाट्याचा वारा आणि तुरळक ठिकाणी पाऊस अपेक्षित आहे. उत्तर-पश्चिमेकडून येणारे कोरडे वारे आणि निरभ्र आकाश यांमुळे सध्या पारा चढला आहे. आठवड्याच्या शेवटी ओलसर हवा आत आली की दुपारनंतर ढग बांधले जातील. पहिल्या तीन दिवसांवर भरवसा ठेवण्यास हरकत नाही. शुक्रवारच्या वादळाचा अंदाज मात्र गुरुवारी सकाळी पुन्हा पाहावा लागेल, कारण कोणत्या तालुक्यात गडगडाट होईल हे पाच दिवस आधी सांगता येत नाही.

फोनवरील आकड्यांविषयी : ते बहुतेक वेळा संगणकीय प्रारूपातून एका ठिपक्यासाठी काढलेले असतात, तुमच्या गावात कोणी तापमापक ठेवून ते मोजलेले नसते. वेधशाळेतील मोजणी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत होते. मोजणीतही चूक होऊ शकते. 30 मे 2024 रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, ती बातमी देशभर गेली आणि मग संवेदक बिघडला असल्याचे निष्पन्न झाले. म्हणून 47 की 44 या वादात पडू नका. सपाट प्रदेशात कमाल तापमान 45 ला पोहोचले की सरासरी काहीही असो, लाट धरतात. 47 ला तीव्र लाट. तुमच्या कामासाठी दोन्ही दुपारी सारख्याच वाईट आहेत.

आणखी एक गोष्ट फोन ठळकपणे दाखवत नाही. बुधवारपर्यंत रात्रीही उष्ण राहणार आहेत, म्हणजे किमान तापमानसुद्धा सरासरीच्या बरेच वर असेल.

जुनाठेकेदार (सोमवार, सकाळी 8.02)
तीस वर्षे विदर्भात स्लॅब टाकत आहे, म्हणून सांगतो. पहाटे साडेचारला मिक्सर फिरला पाहिजे आणि नऊला काम संपले पाहिजे. दहा वाजता सुरुवात करणारा ठेकेदार स्वतःच्या सोयीचे पाहत आहे. आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मेला लागतो, त्याच्या आधी उरकून घ्या.

निवृत्त_अभियंता (सोमवार, सकाळी 8.40)
दहाच्या सुरुवातीबद्दल पूर्ण सहमत. पण पहाटेचे गणित या स्लॅबला बसत नाही. 1100 चौरस फूट आणि पाच इंच जाडी म्हणजे सुमारे 13 घनमीटर माल, म्हणजे शंभराच्या वर पोती सिमेंट. एका मिक्सरवर एक-एक पोत्याचा घाणा काढत गेले तर आठ तास सहज लागतील. साडेचारला धरलेले काम साडेबाराला संपेल, आणि शेवटचा कोपरा ऐन उन्हात उघडा पडेल. पहाटे टाकलेला भागही सिमेंटची स्वतःची उष्णता वाढत असतानाच दुपारच्या तोंडी सापडेल. म्हणून काम सूर्य मावळल्यावर सुरू करावे, म्हणजे पहिले दहा-बारा तास तरी ऊन लागत नाही.

जुनाठेकेदार (सोमवार, सकाळी 9.15)
रात्री उजेड कमी असतो, माल दाबून बसवणारा व्हायब्रेटर कुठे फिरला आणि कुठे नाही ते दिसत नाही, वीज गेली तर अर्ध्यातच सांधा पडतो. आणि दिवसभर राबलेले मजूर रात्री कसे उभे राहतील? दोन मिक्सर लावा, पहाटेचे काम चार तासांत होते.

आभाळवाचक (सोमवार, सकाळी 9.30)
नवतपाबद्दल एवढेच म्हणेन की त्या नऊ दिवसांतच पारा सर्वांत वर जातो असा नियम नाही. कधी त्याआधीच लाट येऊन जाते, तर कधी त्याच दिवसांत वळवाचा पाऊस होतो. तारखेवरून ठरवण्यापेक्षा त्या-त्या आठवड्याचे पत्रक पाहावे. संध्याकाळ की पहाट, या वादात मात्र हवामानाचे मत निश्चित आहे : बुधवारी आणि गुरुवारी संध्याकाळ मोकळी दिसते, शुक्रवारपासून संध्याकाळ टाळावी, कारण वळवाची वादळे बहुधा दुपारनंतर ते रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत येतात.

वीटमाती (सोमवार, दुपारी 2.50)
मिक्सर, लिफ्ट आणि माणसे एकाच ठेकेदाराची आहेत. दुसऱ्या मिक्सरबद्दल विचारतो. आत्ता टाकीतील पाणी पाहून आलो. हात घातला तर लगेच काढावा लागला. घरातील ताप मोजण्याचा तापमापक बुडवला, तर पारा 42 च्या शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. सळईला उघड्या हाताने धरता येत नाही.

काल दुपारी सळई बांधणारा एक मुलगा चक्कर येऊन खाली बसला होता. लिंबूपाणी दिल्यावर उठला आणि पुन्हा कामाला लागला. बाकी सर्व ठीक आहे. मग बुधवार रात्र ठरवू का?

परिचारिका_यवतमाळ (सोमवार, दुपारी 3.05)
दादा, मुलाची गोष्ट तुम्ही सर्वांत शेवटी लिहिली आहे, मी मात्र तिथूनच सुरुवात करते. तो मुलगा आज कुठे आहे? उन्हात काम करत आहे का? किती दिवसांपासून कामावर आहे? काल उलटी, डोकेदुखी, असंबद्ध बोलणे यांपैकी काही झाले होते का? लघवीला जाऊन आला का, आणि ती गडद पिवळी होती का?

वीटमाती (सोमवार, दुपारी 3.20)
ताई, तो आजही वर आहे. चार दिवसांपूर्वी गावी लग्न उरकून आला. डोके दुखते असे सकाळी म्हणत होता. बाकी विचारले नाही.

परिचारिका_यवतमाळ (सोमवार, दुपारी 3.24)
त्याला आत्ता खाली उतरवा, सावलीत बसवा आणि आज जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. रजेवरून परतलेल्या माणसाच्या शरीराला उन्हात श्रम करण्याची सवय पुन्हा लागायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि एकदा चक्कर आलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात लवकर कोसळतो. लिंबूपाणी चांगलेच, पण दिवसभर घाम गाळणाऱ्याला ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला.

कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेवर आणि काखेत बर्फ ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. कष्टाच्या कामात उष्माघात झालेल्या माणसाला घाम येतही असू शकतो, म्हणून घाम येत आहे एवढ्यावरून निर्धास्त राहू नका.

पनवेलकर (सोमवार, दुपारी 3.50)
माझे पहिले उत्तर घाईचे होते, ते मागे घेतो. 16 एप्रिल 2023 ला आमच्या शेजारी खारघरला उघड्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यात 14 माणसे उष्माघाताने गेली, आणि त्या दिवशी पारा चाळिशीच्या आत होता. काँक्रीटला आमची दमट हवा सोसते, पण माणसाला ती सोसत नाही, कारण घाम सुकतच नाही. मी हे दोन्ही एकाच मापाने मोजले.

निवृत्त_अभियंता (सोमवार, सायंकाळी 5.10)
परिचारिकाताईंचे आधी करा, मग पुढचे वाचा.

उन्हाळी काँक्रीटसाठी आयएस 7861 हे भारतीय मानक आहे. हवा 40 अंशांच्या वर असेल तर ते लागू होते आणि टाकतेवेळी मालाचे तापमान 40 च्या आत ठेवावे असे ते सांगते. टाकीतले पाणी तुमच्या तापमापकाच्या टोकाला गेले आहे, म्हणजे दुपारी ते वापरणे शक्य नाही. बोअरचे ताजे पाणी घ्या, पिंप ओल्या गोणपाटाने झाका, शेवटी गरज पडली तर त्यात बर्फ टाका. मालात वजनाने सर्वांत जास्त गिट्टी असते, म्हणून ढीग सावलीत ठेवून त्यावर दुपारपासून थोडे-थोडे पाणी शिंपडा. तेवढे पाणी कालवताना कमी धरा. टाकण्यापूर्वी सेंट्रिंगच्या पत्र्यांवर आणि सळईवर पाणी मारा, पण ते साचू देऊ नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माल लवकर आवळतो म्हणून मिस्त्री वरून पाणी ओततील, ते ओतू देऊ नका. पाणी वाढले की ताकद गेली. माल जास्त वेळ नरम ठेवायचाच असेल तर आवळणे लांबवणारे रसायन ठेकेदाराकडून आधीच मागवून घ्या.

जुनाठेकेदारांची मजुरांबद्दलची हरकत रास्त आहे. रात्री काम करायचे तर त्या माणसांना बुधवारी दिवसभर सुट्टी द्यावी आणि ती मजुरीत धरावी. दोन मिक्सर आणि जनरेटर मिळाले तर रात्री नऊला धरलेले काम दोनच्या आत संपेल.

जुनाठेकेदार (सोमवार, सायंकाळी 6.00)
दोन मिक्सर, जनरेटर आणि दिवसाची सुट्टी, या तिन्ही अटी पाळणार असाल तर रात्रीला माझी हरकत नाही. चार दिवे चार कोपऱ्यांत लावा, मधोमध एकच मोठा लावू नका. माणसाची सावली मालावर पडते आणि पोकळी राहते.

वीटमाती (गुरुवार, सकाळी 11.30)
काम झाले. बुधवारी रात्री नऊला सुरुवात केली, दोन मिक्सरवर पावणेदोनला शेवटचा घाणा पडला. वीज अकराला वीस मिनिटे गेली होती, पण जनरेटर होता. पिंपातील पाण्यात तोच तापमापक घातला, त्याच्या खुणा 35 पासून सुरू होतात; पारा त्यांच्या खालीच राहिला, तेवढे मला पुरेसे होते.

पहाटे जिन्याच्या बाजूला, जिथून वारा आत येतो तिथे, केसाएवढी हातभर भेग दिसली. माल अजून ओला होता म्हणून मिस्त्रीने थापीने दाबून ती बुजवली आणि लगेच ओले गोणपाट टाकले. आता वाफे करून पाणी भरले आहे.

मुलाला सोमवारी दवाखान्यात नेले. त्याला सलाईन लावली आणि आठवडाभर उन्हात जाऊ नये असे सांगितले. तो खाली, सावलीत आहे. त्याची हजेरी चालू ठेवली आहे. ताई, तुम्ही विचारले नसते तर मी त्याला पुन्हा वर पाठवले असते. मनापासून आभार.

पाणी किती दिवस ठेवायचे? ठेकेदार सात म्हणतो.

निवृत्त_अभियंता (गुरुवार, दुपारी 12.10)
सात नाही. आयएस 456 नुसार कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस, आणि पीपीसी असल्याने चौदा दिवस ठेवावे. वाफे दुपारी कोरडे पडतात, म्हणून सकाळी भरून विसरू नका. भेग बुजवलेली जागा रोज पाहा आणि पुन्हा उघडली तर छायाचित्र टाका.

आभाळवाचक (गुरुवार, दुपारी 12.40)
आजच्या पत्रकात उद्या दुपारनंतर तुमच्या जिल्ह्याला मेघगर्जनेचा पिवळा इशारा कायम आहे, वारा ताशी 40 ते 50 किलोमीटर. पावसाचे पाणी आता स्लॅबचे काही बिघडवणार नाही, पण गोणपाट उडतील. आज संध्याकाळीच त्यांवर विटा ठेवा, आणि गडगडाट सुरू झाला की कोणालाही गच्चीवर पाठवू नका.