सीमा नंतर आली

इस्रायलच्या सीमेवरचे किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीवस्त्या, हे १९४८ नंतर लष्कराने वसवलेले पहारे होते, असे एक मत मांडले जाते; ते गाझालगतच्या नाहल ओझ या किबुत्झपुरते बरोबर आहे. तो १९५१ मध्ये सैनिकी ठाणे म्हणूनच सुरू झाला आणि १९५३ मध्ये नागरी वस्ती झाला. उत्तरेकडच्या क्फार गिलादीला मात्र ते लागू होत नाही.

हाशोमेर या ज्यू रक्षकसंघटनेने १९१६ मध्ये ही वस्ती उभारली, तेव्हा तिथे उस्मानी सत्ता होती आणि आजची लेबनॉन सीमा अस्तित्वातच नव्हती. १ मार्च १९२० रोजी शेजारच्या तेल हाय या ज्यू वस्तीतील चकमकीत तिचा बचाव करणारा ज्यू नेता जोसेफ ट्रम्पेलडोर मारला गेला, त्यानंतर रहिवाशांनी क्फार गिलादीही सोडले आणि काही महिन्यांनी ते परतले. ब्रिटिश आणि फ्रेंचांनी सीमारेषेवर शिक्कामोर्तब केले ते १९२३ मध्ये, म्हणजे वस्तीनंतर सात वर्षांनी. गंमत अशी, की लोक सीमेवर राहायला गेले नव्हते, सीमाच त्यांच्या दाराशी आली होती. तेल हायची वस्ती १९२६ मध्ये याच किबुत्झात विलीन झाली. तिथल्या स्मशानभूमीतला, त्या चकमकीत मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ शिल्पकार अव्राहम मेल्निकोव्ह यांनी घडवलेला गर्जणारा दगडी सिंह १९३४ चा आहे.