पावसाळ्यात ह्युमिडॉर: काटा 64 वर, तरी सिगार सादळलेले

घोडबंदरकर:
मंडळी, मदत हवीय. मेव्हणा मस्कतला असतो. दिवाळीत आला तेव्हा लाकडी ह्युमिडॉर (सिगार योग्य ओलाव्यात ठेवायची पेटी) आणि वीस सिगार घेऊन आला. मी महिन्यातून एखादाच ओढतो, तोही गच्चीत, बायको माहेरी गेली की. त्यामुळे साठा पुरला. मेपर्यंत काही तक्रार नव्हती. सोबत आलेल्या काळ्या डबीत (आत हिरवा स्पंज) पंधरा दिवसांनी पाणी घालायचो, बस.

आता घरात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, पण झाकणातला आर्द्रतेचा गोल काटा 64 टक्केच दाखवतो. 70 पाहिजे असं वाचलं होतं, म्हणून पाणी घालतच राहिलो. काल एक काढला तर बोटाखाली भिजलेल्या खारकेसारखा दबला. दोनदा विझला, आणि ओढायला इतका जड की गाल दुखले. उरलेत बारा. त्यातल्या दोघांच्या टोकाला पांढरं काहीतरी दिसतंय. अजून पाणी घालू का?

देवगडचा चीफ:
आधी ती काळी डबी बाहेर काढा. बाकीचं नंतर वाचा.

काढलीत? आता ऐका. उभी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली, सिगारचा नाद तिथलाच. तुमचा हिरवा स्पंज म्हणजे फुलवाले गुच्छात खोचतात तोच फोम. तो ओल देतो, परत घेत नाही. थंडीत हीटर लावून हवा कोरडीठाक होते त्या देशांत तो ठीक. आपल्याकडे जुलैत बाहेरच 85-90 टक्के. झाकण उघडलंत की तीच हवा आत, वर तुमचं पाणी.

त्या काट्यावर तर अजिबात विश्वास नको. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा. विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि काटा शेजारी-शेजारी झिपच्या पिशवीत 24 तास, मीठ काट्याला लागू न देता. अशा ओल्या मिठावर बंद हवेत 75 टक्के आर्द्रता राहते, मीठ टाटाचं असो की मिठागरातलं. काटा 75 पासून किती चुकतो ते कळवा.

सिगार घाईने सुकवू नका. पंख्याखाली ठेवलेत तर वरचं पान आधी आक्रसतं, आतला तंबाखू फुगलेलाच असतो, आणि पान उभं तडकतं. बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या टाकू नका, त्या कुठे थांबायचं ते जाणत नाहीत. 65 टक्क्यांचं दुतर्फा पाकीट मिळतं, जास्त झालं तर ओढून घेतं, कमी पडलं तर सोडतं. 60 ग्रॅमचं एक 25 सिगारना पुरतं. रबरी कडेच्या घट्ट डब्यात सिगार आणि एक पाकीट ठेवा, दोन-तीन आठवडे विसरून जा.

लाकडी खोकं मात्र रिकामं करून एसीच्या खोलीत उघडं ठेवा. आतल्या लाकडाला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते ना स्पेनचं ना देवदाराचं. मध्य-दक्षिण अमेरिकेतलं, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड. ते आठ महिने पाणी प्यायलंय, एका रात्रीत ओकणार नाही.

सदाशिवपेठी:
आमच्याकडे ओढतात हे, सांभाळते मी. चीफसाहेबांनी किड्याचं सांगितलं नाही. हळकुंडाला, धण्याला भोकं पाडतो तो बारीक तपकिरी किडाच तंबाखूलाही लागतो. सिगार 18 ते 21 अंशांत ठेवायचे असतात, आणि पंचविशीच्या पुढे अंडी फुटायला लागतात. ठाण्यात पंचविशीच्या खाली कधी येतं? पानावर सुईने पाडल्यासारखं भोक दिसलं तर सगळेच दोन पिशव्यांत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये. थेट आत-बाहेर केलं तर पान फाटतं. दोन पिशव्या अशासाठी, की एकदा आमच्या खोवलेल्या नारळाला वास लागला आणि उकडीच्या मोदकांवर तो सगळ्यांना कळला.

पांढरं जर पेटवायच्या टोकाला आणि केसाळ असेल तर ती बुरशी आत गेलेली आहे. मोह न धरता फेका.

घोडबंदरकर:
चाचणी झाली. चोवीस तासांनी काटा 58 वर! म्हणजे 17 ने कमी दाखवतोय. माझे 64 खरे 81 च्या आसपास होते, आणि मी वर पाणी ओततोय.

दोन्ही केसाळ निघाले, फेकले. भोकं कुठे नाहीत. दहा सिगार पाकिटासह रव्याच्या डब्यात आहेत. रवा पिशवीत गेल्यामुळे घरात बोलणी बसली, आणि गच्चीचं गुपितही फुटलं.

देवगडचा चीफ:
काट्याच्या पाठीला बारीक खाच असते. पिशवीतून काढल्या-काढल्या छोट्या पेचकसाने फिरवून 75 वर आणा. आठवड्याने परत मिठात ठेवा. पुन्हा पाच-सातने चुकला तर फेकून द्या आणि आकड्याचा छोटा मीटर घ्या, पण त्यालाही आधी मीठ दाखवा.

आणि रव्याचा डबा दोन-तीन आठवडे उघडायचा नाही. वहिनींनी मागितला तरी.