मदत हवी आहे: हिवाळ्यात उभी ठेवलेली स्पोर्ट्स कार जागेवरच चालू ठेवावी की अजिबात हात लावू नये?

मोठ्या भावाची टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स कार बर्फ सरेपर्यंत माझ्या ताब्यात आहे. टायर उन्हाळी आणि रस्त्यावर मीठ, त्यामुळे ती बाहेर काढायची नाही, हे नक्की. दादा जाताना सांगून गेलाय, "दर आठवड्याला सुरू कर, अर्धा तास चालू ठेव, इंजिन मोकळं राहतं." तसंच चाललंय.

परवा ऑइलचं झाकण उघडलं तर आतून फिकट पिवळा, सायीसारखा थर. डिपस्टिकवर लेव्हल वरच्या खुणेच्याही जरा वर, आणि ऑइलला चक्क पेट्रोलचा वास. सायलेन्सरमधून पाणी टपकतं ते वेगळंच. कूलंटचा काटा मात्र मध्यावर येऊन थांबतो. मग इंजिन गरम होत नाही असं तरी कसं म्हणायचं? हेड गॅस्केट (इंजिनातलं कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेलं असेल का? दादाला फोन करायच्या आधी नीट समजून घ्यायचंय, कारण "नेटवर वाचलं" म्हटलं की तो पुढचं ऐकतच नाही.

प्रतिसाद १
आधी इंजिन थंड असताना कूलंटची लेव्हल बघा. ती घटत नसेल तर गॅस्केटची शक्यता कमी.

तो काटा कूलंटचा आहे, ऑइलचा नाही. कूलंट लवकर तापतं. ऑइलला बराच वेळ लागतो आणि थंडीत नुसत्या आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ते पुरेसं तापतच नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते, थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल 90-100 अंशांवर काही वेळ राहिलं तर ती उडून जाते, नाहीतर तिथेच मुरते. तुमची साय म्हणजे हेच, ऑइल आणि पाण्याचं मिश्रण.

पेट्रोलचंही तसंच. थंड इंजिनाला ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जास्त इंधन देतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली जातं, म्हणून लेव्हल वाढली. ऑइल पातळ झालं की बेअरिंगांना आणि टर्बोला ते झेपत नाही. एकदा असं झालं म्हणून इंजिन बसत नाही, पण दर आठवड्याला हा मार कशाला?

प्रतिसाद २
गॅरेजचं दार बंद करून चालू ठेवत नाही ना? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस जातो. इंजिनाचं नंतर बघू.

धागाकर्ता
दार उघडं असतं. कूलंटची लेव्हल जिथल्या तिथे आहे, हायसं वाटलं. मग आता नेमकं काय करू?

प्रतिसाद १
सुरू करणं बंद करा. ऑइल आणि फिल्टर आत्ताच बदलून टाका. पाणी-पेट्रोल मिसळलेलं ऑइल वसंतापर्यंत आत ठेवण्यात अर्थ नाही, त्यातली आम्लं बेअरिंगांना खातात. ऑइल गरम करून काढायला आणि नवीन फिरवायला गाडी सुरू करावी लागेल, तेवढं चालेल. स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं द्रव) टाकला नसेल तर त्याच फेरीत टाका, म्हणजे तो इंजेक्टरपर्यंत पोचेल. टाकी भरलेली ठेवा. हँडब्रेक सोडून चाकांपुढे-मागे ठोकळे लावा, नाहीतर पॅड डिस्कला चिकटतात. टायरमध्ये हवा थोडी जास्त.

"इंजिन मोकळं राहतं" या समजुतीबद्दल: गाडी उभ्या उभ्या चालवून गिअरबॉक्स, ब्रेक, टायर यांना काहीच मिळत नाही. आणि आयडलवर अल्टरनेटर बॅटरी फारशी भरत नाही. बॅटरीसाठी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा.

धागाकर्ता
डिपस्टिकचा फोटो दादाला पाठवलाय, अजून उत्तर नाही. मेंटेनर बॅटरी गाडीतच ठेवून लावला तर चालतो ना?

प्रतिसाद २
चालतो. बॅटरी एजीएम प्रकारची (AGM) आहे का ते तिच्यावर वाचा आणि मेंटेनरवर तोच मोड ठेवा.